सोनेरी माशाची शुश्रूषा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मंडळातल्या दोघीतिघींनी स्वतःच्या अनुभवाचे काही बोलावे, अशी आपली रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "त्या माशाचे सांगा की!" म्हणून उभी राहिले आहे. विषय ऐकून मागच्या रांगेत हसू फुटले ते मला दिसले. हसणे साहजिक आहे. गिरगावात मासा म्हटला की आधी तवा आठवतो. माशाला खरचटले तर त्याची शुश्रूषा करायची, हे ऐकून माझ्या सासूबाईही म्हणाल्या होत्या, "अगं, त्याला हळद-मीठ लावायचे ते वेगळ्या कारणाने!"

पण आता आपल्या वाडीतच सात-आठ घरांत काचेच्या पेट्या आहेत. मुले हट्ट करतात, बाप आणून देतात, आणि पंधरा दिवसांनी पेटी कोणाच्या गळ्यात पडते ते मी सांगायला नको. तेव्हा हे आपल्याच कामाचे आहे असे समजून ऐका.

मला दोन माशांची हकीकत सांगायची आहे. पहिला आमचा, तो मेला. दुसरा शेजारच्यांचा.

आमचा मासा २०१९ साली आणला होता. गोल्डफिश म्हणतात तो, नारिंगी रंगाचा, बोटाएवढा. माझ्या मुलीचा त्याच्यावर फार जीव. एके दिवशी शाळेतून आल्यावर तिने हाक मारली, "आई, ह्याचा खवला निघालाय." पाहते तर कुशीवर दोन खवल्यांएवढी जागा उघडी पडली होती आणि थोडे लालसर दिसत होते. दगडाला घासला असावा. मासा एरवी पोहत होता, खात होता.

आता आपल्या घरात कोणी पडले-झडले की आपण काय करतो? धुतो, पुसतो, हळद दाबतो. मी तेच केले. कोरड्या हाताने मासा उचलला, स्वच्छ फडक्यात धरला, जखमेवर हळद दाबली. मग वाटले, पाणी घाण असेल म्हणून चिघळेल. सगळे पाणी ओतून टाकले. गोटे साबणाने घासले. फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. सकाळी नळ आला तसे थेट नळाचे पाणी भरले. पेटी अशी लखलखीत झाली की मीच दोनदा वळून पाहिले. जादा अशक्तपणा येऊ नये म्हणून खाणेही दुप्पट घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो वर तरंगत होता.

मुलीला मी सांगितले, "बाळा, जखम फार खोल होती." तिने ते खरे मानले. मलाही ते खरेच वाटत होते. पुढे पेटी विकायची की ठेवायची ते विचारायला क्रॉफर्ड मार्केटकडच्या एका माशांच्या दुकानात गेले. दुकानदार वयस्क होते. मी जखमेचे वर्णन करू लागले, तर त्यांनी जखमेविषयी एक अक्षर विचारले नाही. "पाणी किती बदललेत?" म्हणाले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले, "सगळे." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "बाई, मासा जखमेने नाही गेला."

त्या दिवशी दुकानात उभे राहून त्यांनी सांगितले ते, आणि नंतर मी वाचून, विचारून समजून घेतले ते, आता सांगते.

माशाच्या अंगावर जो बुळबुळीतपणा असतो, जो आपण मासे साफ करताना राख लावून काढतो, तीच त्याची पहिली त्वचा. रोगाचे जंतू तिच्यावरच अडतात. कोरडा हात किंवा फडके लावले की ती निघून येते. म्हणजे दोन खवल्यांची जखम बरी करायला निघाले आणि सगळ्या अंगाची साल काढली!

दुसरे पाण्याचे. मुंबईचे पाणी शुद्धीकरण केंद्रांतून येते, त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेला असतो. आपल्याला तो बाधत नाही; माशाचे कल्ले मात्र त्याने भाजतात. कल्ले म्हणजे त्याची फुप्फुसेच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. मासा त्याच पाण्यात खातो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीतून आणि त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो, जो विषारी. पण फिल्टरच्या स्पंजावर आणि खालच्या खडीवर डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जंतू वस्ती करून राहतात. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी त्याचे नायट्रेट करते, आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात माशाला सोसते. विरजणासारखेच आहे हे. नव्या पेटीत ही वस्ती बसायला चार-सहा आठवडे लागतात. मी ती एका सकाळी साबणाने आणि नळाच्या पाण्याने धुऊन टाकली, आणि वर खाणे दुप्पट घातले! त्या बिचाऱ्याने काय करावे?

असो. पेटी माळ्यावर गेली.

आता दुसरा मासा. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरची मंडळी तीन आठवड्यांसाठी गावी निघाली. त्यांचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याची दोन गोल्डफिशांची पेटी त्यांनी आमच्याकडे आणून ठेवली. मुलगा जाताना मला म्हणाला, "काकू, ज्याच्या गालावर पांढरा ठिपका आहे तो सोन्या. तो घाबरट आहे." मला तेव्हाच जबाबदारी घ्यायला नको वाटत होते. पण शेजारधर्म आहे, नाही कसे म्हणणार?

चौथ्या दिवशी काच पुसताना मी पेटीतला प्लॅस्टिकचा किल्ला थोडा सरकवला आणि काचेच्या अगदी जवळ ठेवला. रात्री पाणी प्यायला उठले आणि एकदम ट्यूब लावली. माशाला पापण्या नसतात, अंधारातून एकदम उजेड झाला की तो बावचळून उधळतो. सोन्या उधळला तो किल्ला आणि काच यांच्या फटीत घुसला आणि अडकला. मी किल्ला हळूच एका बाजूला कलता केला तेव्हा सुटला. ओढले नाही, एवढे शहाणपण सुचले. पण डाव्या कुशीवरचे तीन-चार खवले गेले होते आणि शेपटीचा पडदा अर्ध्यापर्यंत चिरला होता.

यजमानांनी सकाळी पाहिले आणि म्हणाले, "असले मासे शंभर-दीडशेला मिळतात. दुसरा आणून ठेव, पोराला कळणार आहे का?" खोटे कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आले होते. पण गालावरचा पांढरा ठिपका कुठून आणणार? आणि एका पोराला एकदा खोटे सांगून झाले होते. मी यजमानांना म्हटले, आधी ह्याला बघू.

ह्या वेळी पहिले काम केले ते म्हणजे हात मागे बांधले. माशाला बाहेर काढलेच नाही. दुसरा मासा मात्र त्याच्या फाटक्या शेपटीला सारखा टोचू लागला. माशांना सुटे, हलते काही दिसले की तोंड लावून पाहायची सवय असते. मग मी विचार केला, दुखऱ्याला का हलवायचे? हलवायचे तर धडधाकट्याला हलवू. त्याला जाळीने न धरता एका पसरट डब्यात पाण्यासकट घेतले आणि वीस लिटरच्या टबात सोडले. त्या टबात फिल्टर नव्हता, म्हणून त्याचे निम्मे पाणी मी रोज बदलत असे. टबावर जुनी चाळण पालथी घातली, कारण गोल्डफिशही उडी मारतात.

पाण्याचे म्हणाल तर आपल्या वाडीत पाणी पिंपात भरून ठेवण्याची आपली जी कटकट आहे, ती माशाला वरदान आहे. आदल्या दिवशी भरलेल्या पिंपाचे झाकण उघडे ठेवले की चोवीस तासांत क्लोरीन बहुतेक उडून जातो, आणि पाणी पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट होते. ज्यांना घाई असेल त्यांनी दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळते ते बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालावे. दर दिवसाआड मी पाव हिस्सा पाणी बदलले, जास्त नाही. स्पंज धुवायचा झाला तर पेटीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता बुडवून हलकेच दाबला. तो काळपट राहिला. राहू दे! दुकानात अमोनिया तपासायचे थेंब मिळतात, तेही आणले. त्यात पाणी पिवळे राहिले तर ठीक, हिरवे होऊ लागले तर पाणी बदलायचे. माझे पिवळेच राहिले.

आता मिठाचे सांगते, कारण यात घोटाळे फार होतात. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात क्षार असतात आणि बाहेरचे पाणी अळणी. मनुका पाण्यात टाकली की फुगते ना, तसे बाहेरचे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत असते आणि तो ते लघवीवाटे सतत बाहेर टाकत असतो. जखम झाली की ते दार आणखी मोठे होते. पाण्यात थोडेसे मीठ असले तर त्याचे हे कष्ट कमी होतात. म्हणजे मीठ जखमेला लावायचे नसते, पाण्याला द्यायचे असते.

किती द्यायचे? येथे माझी सातवी कामाला आली. पेटी ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३० उंच. गुणाकार करून हजाराने भागले की सुमारे ४० लिटर. खडीने जागा खाल्लेली आणि पाणी काठोकाठ नाही, म्हणून ३५ धरले. लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम खडेमीठ. चमच्याने मोजू नका, खडेमिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा सारखा भरत नाही, काट्यावर तोला. ते मी पेटीच्याच पाण्यात तांब्यात पूर्ण विरघळवले आणि दिवसभरात तीन वेळा थोडे थोडे ओतले. खडा तसाच टाकला तर मासा तो खाऊ समजून तोंडात घेतो किंवा त्यावर बसून भाजून निघतो. पाणी उडून कमी झाले तर नुसते पाणी घालावे, कारण मीठ उडत नाही. पाणी काढून बदलले तरच त्या मापाने मीठ घालावे, नऊ लिटर बदलले तर नऊ ग्रॅम. आणि हे गोल्डफिशचे सांगते आहे. ज्यांच्याकडे तळाशी फिरणारे मिशीवाले छोटे मासे आहेत, गोगलगाई आहेत किंवा खऱ्या वनस्पती लावल्या आहेत, त्यांनी मीठ घालू नये, त्यांना ते सोसत नाही.

हळद? नाही. आपल्याला हळदीचा फार आधार वाटतो, पण पाण्यात ती तळाशी बसते, पाणी गढूळ करते आणि कल्ल्यांत जाते. तसेच दुकानात कोणी कॅप्सूल फोडून टाका म्हणतील. साध्या खरचटण्याला त्याची गरज नाही. उपयोगी जंतूही त्याने मरतात, आणि पुन्हा आपण तेथेच येतो जेथे मी २०१९ साली आले होते.

खाणे पहिल्या दिवशी अजिबात घातले नाही. आमच्या सासूबाई कळवळल्या, "आजाऱ्याला उपाशी ठेवतेस?" आपल्या घरी आजाऱ्याला चार घास जास्तच देतात. पण मासा एक-दोन दिवस सहज उपाशी राहतो, आणि त्याने न खाल्लेला दाणा पाण्यात कुजून विष होतो. दुसऱ्या दिवसापासून एक वेळ, दोन मिनिटांत संपेल एवढेच.

मे महिना असल्यामुळे मला उकाड्याची फार भीती होती. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात नऊ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तीस अंशांना साडेसातच. गोल्डफिश हा मुळात चीनमधला, थंड पाण्याचा मासा. म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला, पेटी खिडकीपासून दूर केली, तिच्यावरचा दिवा बंद ठेवला. एका दुपारी वीज गेली तेव्हा मी आणि सासूबाई आळीपाळीने वाटीने पेटीतलेच पाणी उचलून वरून ओतत बसलो. पन्नास मिनिटे! त्या म्हणाल्या, "नातवंडांनाही एवढा वारा घातला नव्हता."

पाहायचे काय? बाजारात आपण कल्ले उघडून लाल आहेत का ते पाहतो. येथे कल्ल्यांची हालचाल पाहायची. ती शांत आहे की धाप लागल्यासारखी, मासा पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेतो का, पर अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसतो का. मी रोज सकाळी एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढत असे, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. दुसऱ्याच दिवशी जखमेवर पातळ साय आल्यासारखी दिसली. माशाची कातडी जखमेवर फार लवकर सरकते, लहान जखम दिवसभरातही झाकली जाते. खवले आणि पर यायला मात्र आठवडे लागतात.

सहाव्या दिवशी शेपटीच्या चिरलेल्या कडेला काळे दिसू लागले. माझ्या पोटात गोळाच आला. सडले असे वाटले. मागचे फोटो काढून ताडून पाहिले, तर चीर वाढलेली नव्हती, मासा खात होता, थेंबांचे पाणी पिवळेच होते. मग कळले की गोल्डफिशची जखम भरताना तेथे काळा रंग धरतो आणि पुढे तो बहुतेक जातो. काळे नवीन दिसले तर पाणी मात्र तपासावे, कारण अमोनियाने भाजलेली जागा बरी होतानाही काळी पडते. भिण्यासारखे वेगळे असते. सावरीच्या कापसासारखे पांढरे पुंजके, परात लाल शिरा, कड रोज आत आत खात जाणे, खवले उभे राहणे, किंवा तीन दिवस खाण्याला तोंड न लावणे. असे दिसले तर मग घरचे उपाय थांबवून माशांचे कळणाऱ्या पशुवैद्यांना दाखवावे.

किल्ल्याचेही सांगते. मी तो बाहेर काढून माझ्या जुन्या नायलॉनच्या ओढणीने पुसला. तीन ठिकाणी ओढणी अडकली. जेथे ओढणीचा धागा अडकतो तेथे माशाचा पर फाटतो. पेटीत काहीही ठेवण्यापूर्वी ही परीक्षा प्रत्येकीने करावी, फुकटची आहे.

आता राहिले फोनचे. पहिले तीन दिवस मी गावी फोन केला नाही. म्हटले, बरा झाला तर सांगायचे कशाला? खालच्या शेजारीणबाईंचा मात्र रोज संध्याकाळी फोन येई आणि मागून मुलगा विचारी, "सोन्या काय करतोय?" मी म्हणे, "पोहतोय." ते खोटे नव्हते, पण चौथ्या दिवशी फोन ठेवल्यावर माझी मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. ती आता कॉलेजात जाते. म्हणाली, "आई, आपल्या माशाचे तू मला काय सांगितले होतेस?" तिला कळलेले होते. केव्हापासून ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी तेव्हाच तिला साबण, स्पंज, हळद सगळे सांगितले. ती आज तिथे खांबाजवळ बसली आहे, तिची परवानगी घेऊनच हे बोलते आहे.

लगेच गावी फोन लावला आणि मुलालाच द्या म्हटले. किल्ला मी सरकवला, दिवा मी लावला, शेपूट फाटली आहे, असे सरळ सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग विचारले, "काकू, त्याला दुखतंय का?" मी म्हटले, "दुखत असेल रे, पण आज खाल्ले त्याने." "मग रोज फोटो पाठवा," म्हणाला. पाठवले.

ते परत आले तेव्हा शेपटीच्या कडेला नवा पडदा फुटला होता, काचेसारखा, बिनरंगाचा. कुशीवरचे खवले अजून बारीक होते. मुलाने चप्पलही काढली नाही, पेटीला नाक लावून उभा राहिला. मग मला म्हणाला, "काकू, नवीन शेपूट पारदर्शक आहे, म्हणजे अजून रंगवायची राहिलीय." रंग भरायला पुढे आणखी दीड महिना गेला. दुसऱ्या माशाला टबातून परत सोडले तेव्हा दोघे थोडा वेळ एकमेकांभोवती फिरले आणि मग नेहमीसारखे खडी उपसू लागले.

किल्ला त्याने पेटीत परत ठेवला नाही. तो आता त्यांच्या दारातल्या तुळशीच्या कुंडीत आहे, दिवाळीत त्यावर मावळे बसवतात. जाता-येता तुम्ही पाहिला असेल.

कोणाला मीठ तोलून हवे असेल तर माझ्याकडे छोटा काटा आहे, केव्हाही या.